विश्लेषण : दोन डॉलरचा स्टेक दीडशे डॉलरवर कसा गेला? कॅसिनोतल्या ‘फुकट’ जेवणाची खरी किंमत काय?

लास वेगासमध्ये एकेकाळी जुगाऱ्यांना बसवून ठेवण्यासाठी जवळपास फुकट जेवण दिले जाई. आज त्याच शहरातील आलिशान स्टेकहाऊसमध्ये दोघांच्या जेवणाला भारतीय चलनात पंचवीस हजारांहून अधिक रुपये सहज लागतात. हा बदल का झाला, त्यात ग्राहकाचे नुकसान किती आणि मांडवीतील जहाजांवरच्या ‘अनलिमिटेड’ बुफेशी त्याचा संबंध काय, याविषयी…

स्टेकहाऊस कॅसिनोतच का?

लास वेगासच्या ‘स्ट्रिप’वरील जवळपास प्रत्येक मोठ्या हॉटेलात किमान एक उंची स्टेकहाऊस असते. मंद प्रकाश, गडद लाकूड, चामड्याची आसने, काचेच्या कपाटात लटकवलेले मांस आणि जाडजूड वाइन-यादी असा त्याचा थाट ठरलेला. तिथे पोहोचायचे तर बहुतेक ठिकाणी जुगाराच्या दालनातून चालत जावे लागते. जेवून परततानाही तीच वाट. ही रचना योगायोगाने झालेली नाही. पोट भरलेला, एखाद-दुसरे मद्य घेतलेला आणि खूश असलेला ग्राहक टेबलासमोरून जातो, तेव्हा त्याचे पाऊल रेंगाळण्याची शक्यता सर्वाधिक असते.

स्टेकच का, यालाही कारण आहे. अमेरिकी माणसासाठी स्टेक म्हणजे साजरे करण्याचे जेवण. नोकरीतील बढती, लग्नाचा वाढदिवस, पक्का झालेला व्यवहार आणि अर्थातच जुगारात जिंकलेला डाव, हे सगळे स्टेक खाऊन साजरे केले जाते. आपल्याकडे आनंदाच्या प्रसंगी पेढे वाटतात, तसाच हा संकेत. त्यामुळे जिंकलेले पैसे हॉटेलाबाहेर जाण्याआधी ते परत मिळवण्याचे सर्वांत सभ्य ठिकाण म्हणजे स्टेकहाऊस.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटू शकते. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या सहलींत लास वेगासचा मुक्काम ठरलेला असतो. दर जानेवारीत भरणारे ‘सीईएस’ हे तंत्रज्ञान प्रदर्शन आणि ‘एडब्ल्यूएस री:इन्व्हेंट’ ही परिषद याच शहरात होते. पुण्या-मुंबईहून तिथे जाणाऱ्या अभियंत्यांना स्टेकहाऊसमधील ‘क्लायंट डिनर’ नवे राहिलेले नाही.

दोन डॉलरचा स्टेक कुठून आला?

नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. १९४१ मध्ये पुढे ‘स्ट्रिप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या रस्त्यावर ‘एल रांचो वेगास’ हे पहिले कॅसिनो-रिसॉर्ट उभे राहिले. रात्री उशिरापर्यंत खेळणाऱ्यांनी जेवायला बाहेर जाऊ नये म्हणून तिथे अल्प दरात हवे तेवढे खा, अशी मांडणी सुरू झाली. लास वेगासच्या प्रसिद्ध बुफेचा उगम तोच.

बेनी बिनियन यांनी १९५१ मध्ये जुन्या शहरातील फ्रीमॉन्ट स्ट्रीटवर ‘हॉर्सशू’ सुरू केले. तिथे रात्री उशिरा दोन डॉलरला मिळणारा स्टेक पुढे अनेक वर्षे प्रसिद्ध होता. दोन डॉलरमध्ये मांसाचाही खर्च निघत नसे आणि तो निघावा अशी अपेक्षाही नव्हती. स्वयंपाकघरातला तोटा हा जाहिरातीचा खर्च मानला जाई. पहाटे तीन वाजता भूक लागलेला माणूस झोपायला जाण्याऐवजी खाऊन पुन्हा खेळायला बसला, तर त्याने दोन-तीन डावांतच तो खर्च भरून दिलेला असे.

म्हणजे स्वस्त जेवणात कॅसिनोचा मोठेपणा शोधणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते जेवण स्वस्त कधीच नव्हते. त्याची किंमत दुसऱ्या टेबलावर वसूल होत होती आणि ती जेवणाऱ्या सर्वांकडून नव्हे, तर हरणाऱ्यांकडून घेतली जात होती.

चित्र कधी बदलले?

बदलाची सुरुवात साधारण १९९२ पासून धरली जाते. त्या वर्षाच्या अखेरीस वुल्फगँग पक यांनी सीझर्स पॅलेसच्या फोरम शॉप्समध्ये ‘स्पागो’ सुरू केले. नामवंत शेफचे महागडे रेस्तराँ जुगाराच्या शहरात चालेल का, अशी शंका तेव्हा होती. ते चालले. १९९८ मध्ये स्टीव्ह विन यांनी सुमारे १६० कोटी डॉलर खर्चून ‘बेलाजिओ’ उभारले, तेव्हा ज्याँ-जॉर्ज फोंगेरिश्टेन यांचे ‘प्राइम’ स्टेकहाऊस त्यात सुरुवातीपासूनच होते. मग एमेरिल लगासे यांचे ‘डेलमोनिको’, पक यांचे ‘कट’, २०१२ मध्ये गॉर्डन रॅमसे यांचे ‘स्टेक’ अशी रांगच लागली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८८७ पासून असलेल्या ‘पीटर लुगर’नेही २०२३ मध्ये सीझर्स पॅलेसमध्ये शाखा उघडली.

यामागे हिशेब होता. १९८० च्या दशकात स्ट्रिपवरील मोठ्या कॅसिनोंच्या उत्पन्नातील निम्म्याहून अधिक वाटा जुगाराचा असे. १९९० चे दशक संपता संपता खोल्या, जेवण, मद्य आणि करमणूक यांचे एकत्रित उत्पन्न जुगाराच्या पुढे गेले. आज जुगाराचा वाटा एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. अमेरिकेत इतर अनेक राज्यांत कॅसिनो उघडल्यामुळे केवळ पत्ते खेळायला वाळवंटात येण्याची गरज उरली नाही. मग खेळ सोडून इतर सगळे विकणे भाग पडले. तोट्यात चालणारे स्वयंपाकघर नफ्याचे खाते झाले.

अनेक ठिकाणी शेफचे फक्त नाव, पाककृती आणि देखरेख असते. जागा, कर्मचारी आणि व्यवस्थापन कॅसिनोचे असते, शेफला नावाचे मानधन मिळते. भिंतीवर ज्याचे चित्र आहे तो शेफ आत तव्यापाशी उभा असेल, अशी अपेक्षा ग्राहकाने ठेवू नये.

ताटातल्या मांसात एवढे महाग काय?

काही प्रमाणात ही महागाई खरी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची गोमांसाची प्रतवारी मुख्यतः मांसात मिसळलेल्या चरबीच्या जाळीवर आणि जनावराच्या वयावर ठरते. ‘प्राइम’ ही त्यातील सर्वांत वरची प्रत, त्याखाली ‘चॉइस’ आणि ‘सिलेक्ट’. प्राइम प्रतीचे मांस एकूण प्रतवारीत थोडेच निघते. त्यातही रिबआय, स्ट्रिप, टेंडरलॉइन हे स्टेकसाठी लागणारे भाग जनावराच्या पाठीकडून येतात आणि एकूण मांसाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकेच असतात.

चांगली स्टेकहाऊस हे मांस तीन-चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ थंड, कोरड्या हवेत मुरवतात. या काळात त्यातील पाणी उडते, चव एकवटते आणि मांसातील विकरे तंतू मऊ करतात. बाहेरचा वाळलेला थर कापून टाकावा लागतो. म्हणजे विकत घेतलेल्या वजनातील बराच भाग ताटात येतच नाही. वर प्रचंड तापमानाच्या ब्रॉयलरखाली काही मिनिटांत बाहेरून खरपूस आणि आतून गुलाबी ठेवण्याचे कसब. ‘मीडियम रेअर’ म्हणजे आतले तापमान साधारण ५५ अंश सेल्सिअस. त्याच्या पुढे दहा अंश गेले की प्रत बदलते.

याला आता टंचाईची जोड मिळाली आहे. वर्षानुवर्षांच्या दुष्काळामुळे अमेरिकी पशुपालकांनी कळप कमी केले. १ जानेवारी २०२५ रोजी देशातील गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाख होती. १९५१ नंतरचा हा नीचांक. त्यातच मेक्सिकोत जनावरांच्या जखमांत वाढणाऱ्या ‘स्क्रूवर्म’ या कीटकाचा प्रादुर्भाव झाल्याने तेथून येणाऱ्या गुरांची आयात २०२५ मध्ये रोखली गेली. कळप पुन्हा वाढवायचा तर माद्या कापायला न पाठवता राखाव्या लागतात, त्यामुळे पुरवठा आधी आणखी घटतो. परिणामी भाव लवकर उतरण्याची चिन्हे नाहीत.

बिल कसे फुगते?

तरीही मेन्यूवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा यांत मोठे अंतर असते. स्टेकहाऊसमध्ये स्टेक म्हणजे फक्त स्टेक. बटाटा, पालक, मशरूम, सॉस यांचे पैसे वेगळे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. स्टेक ८० डॉलर, सोबतचा एक पदार्थ १८ डॉलर आणि एक मद्य २० डॉलर, असे एका व्यक्तीचे ११८ डॉलर धरले तर दोघांचे २३६ होतात. लास वेगास ज्या क्लार्क काउंटीत येते तिथला विक्रीकर ८.३७५ टक्के, म्हणजे सुमारे २० डॉलर. त्यावर २० टक्के टिप, म्हणजे ४७ डॉलर. एकूण ३०३ डॉलर. ८५ ते ९० रुपयांच्या दराने हे २६-२७ हजार रुपये होतात. यात वाइनची बाटली नाही, गोड पदार्थ नाही आणि जपानी वाग्यूसारखे औंसावर विकले जाणारे मांसही नाही.

शाकाहारी पाहुण्याची स्थिती अधिक चमत्कारिक. विन यांनी उभारलेल्या हॉटेलांत २०१० पासून व्हीगन पदार्थांची सोय आहे. इतरत्र मात्र बहुधा सोबतच्या पदार्थांवरच भागवावे लागते. बटाटे कशात तळले आहेत हे विचारून घेतलेले बरे, कारण गोमांसाची चरबी तळणीसाठी वापरण्याची पद्धत तिथे जुनी आहे. यजमान कंपनी असेल तर हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तिथल्या वाढप्यांना अशा प्रश्नांची सवय असते.

‘फुकट’ जेवणाचे गणित काय?

आता मुख्य मुद्दा. कॅसिनोत आजही अनेकांना हेच जेवण ‘कॉम्प’ म्हणून, म्हणजे हॉटेलातर्फे फुकट मिळते. खेळाडू आपले सदस्यत्व कार्ड यंत्रात घालतो किंवा टेबलावर देतो आणि त्याच्या प्रत्येक तासाची नोंद होते. तो प्रत्यक्षात किती हरला याला तितकेसे महत्त्व नसते. कॅसिनो त्याचा ‘अपेक्षित तोटा’ काढतो. सरासरी पैज, गुणिले तासाला होणारे डाव, गुणिले तास, गुणिले कॅसिनोची टक्केवारी. या रकमेचा काही भाग जेवण, खोली, तिकिटे या रूपात परत दिला जातो. धंद्यातील ठोकताळा २० ते ४० टक्क्यांचा सांगितला जातो.

अमेरिकी रुलेच्या चाकावर दोन शून्ये असतात आणि कॅसिनोचा वाटा ५.२६ टक्के पडतो. दर फेरीला २५ डॉलर, तासाला ४० फेऱ्या आणि चार तास खेळ, असे धरले तर एकूण पैज ४ हजार डॉलरची होते. अपेक्षित तोटा सुमारे २१० डॉलर. त्यातील ३० टक्के परत दिले तर हाती येतात ६३ डॉलर. इतक्यात वरच्या उदाहरणातील एक स्टेकही येत नाही. दोघांचे ३०३ डॉलरचे जेवण ‘फुकट’ मिळवायचे तर याच दराने सुमारे १९ तास खेळावे लागेल आणि त्या काळात सरासरीने हजार डॉलर जातील. हजार देऊन तीनशेचे जेवण घेणाऱ्या माणसाला आपण घरी येऊन ‘जेवण फुकट होते’ असे सांगताना ऐकतो.

ही सरासरी आहे. एखादा जिंकेल, एखादा दुप्पट हरेल. पण कॅसिनो एका माणसाशी खेळत नाही, तो हजारो माणसांशी एकाच वेळी खेळतो आणि त्याच्यासाठी सरासरी हेच वास्तव असते.

दुसरीकडे खेळाचे नियमही हळूच बदलले आहेत. ब्लॅकजॅकमध्ये पहिल्या दोन पत्त्यांत २१ झाल्यास पूर्वी १० डॉलरला १५ डॉलर मिळत. आता अनेक टेबलांवर १२ मिळतात. या एका बदलाने कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. नीट खेळणाऱ्यासाठी मूळ वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, हे पाहता ही वाढ किती मोठी आहे हे कळते. म्हणजे जेवण महाग झाले म्हणून खेळ स्वस्त झाला, असे घडलेले नाही. दोन्ही बाजूंनी ग्राहकाचाच खिसा हलका झाला.

वाढणाऱ्यांच्या वाट्याला काय येते?

या व्यवहारात एक जमेची बाजू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला तासाला केवळ २.१३ डॉलर मूळ वेतन देणे अनेक राज्यांत चालते. नेवाडात चालत नाही. तिथे टिप मिळो न मिळो, जुलै २०२४ पासून किमान वेतन १२ डॉलर आहे. शिवाय ‘कलिनरी युनियन लोकल २२६’ ही सुमारे ६० हजार सदस्यांची संघटना वाढपी, आचारी, खोल्या आवरणाऱ्या महिला अशा सर्वांसाठी भांडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये संपाच्या उंबरठ्यावर तिने तीन बड्या कंपन्यांशी पाच वर्षांचे वेतनकरार केले. टिपवरील कर माफ करण्याचे आश्वासन डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२४ च्या प्रचारात याच शहरात दिले होते. २०२५ च्या कायद्याने वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपवर आयकर वजावट मिळाली.

म्हणून त्या २० टक्क्यांबाबत कुरकुर करण्यात अर्थ नाही. ३०३ डॉलरच्या बिलातील तोच भाग थेट काम करणाऱ्याकडे जातो. कंजुषी करायचीच तर मद्यात करावी.

पण पर्यटक घटले की पहिला फटकाही याच कामगारांना बसतो. २०२४ मध्ये लास वेगासला ४ कोटी १७ लाख पर्यटक आले होते. २०२५ मध्ये ही संख्या ठळकपणे घसरली. जूनमध्ये तर आदल्या वर्षीच्या तुलनेत ११ टक्क्यांहून अधिक घट होती. कॅनडातील पाहुण्यांची नाराजी हे एक कारण आहेच. पण खोलीच्या भाड्यावर लावलेले ‘रिसॉर्ट शुल्क’, २०१६ पासून सुरू झालेले वाहनतळाचे पैसे, कोविडनंतर पुन्हा न उघडलेले स्वस्त बुफे आणि महागलेले जेवण यांमुळे सामान्य पर्यटकाला आपण लुटले जातो असे वाटू लागले, हेही तितकेच खरे. गावातल्या माणसाला परवडेल असा स्टेक आता मोठ्या हॉटेलांत नव्हे, तर ‘एलिस आयलंड’सारख्या बाजूच्या लहान कॅसिनोत शोधावा लागतो.

गोव्यात काय परिस्थिती आहे?

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. मराठी माणसाचा कॅसिनो म्हणजे गोव्याचा. तिथे १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगार आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांवरचे खेळ यांना वाट मिळाली. मांडवीतील जहाजांवर शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या गाड्यांतून आलेली गर्दी असते. खुद्द गोमंतकीयांना मात्र फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे.

गोव्यातील पद्धत लास वेगासच्या जुन्या काळाची आठवण करून देणारी. प्रवेशाचे पॅकेज घेतले की बुफे, मद्य, नाचगाणे आणि काही रकमेच्या चिप्स मिळतात. या चिप्स बहुधा थेट रोखीत बदलता येत नाहीत, त्या खेळाव्याच लागतात. ‘पॅकेजचे पैसे तर जेवणातच वसूल’ असा युक्तिवाद मित्रांच्या टोळक्यात हमखास होतो. दोन डॉलरच्या स्टेकपुढे बसलेला माणूसही हेच म्हणत असणार.

त्यावर कराचा बोजा आहे. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोतील चिप्सच्या खरेदीवर पूर्ण किमतीच्या २८ टक्के जीएसटी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे आणि प्रवेशालाही तोच दर आहे. हा भार चालकाने सुरुवातीला स्वतः सोसला, तरी तो पॅकेजच्या किमतीतून, खेळाच्या नियमांतून किंवा ताटातून कुठे तरी भरून काढला जाणारच. रुलेच्या टेबलावर पाच टक्क्यांच्या वाट्याविरुद्ध खेळणारा माणूस आधीच हरत असतो. ४० टक्क्यांच्या करानंतर ‘जेवणात वसूल’ हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरतो.

मग महाग स्टेकच बरा का?

एका अर्थाने, हो. १५० डॉलरच्या जेवणाची किंमत मेन्यूवर छापलेली असते. ती परवडत नसेल तर उठून जाता येते आणि परवडत असेल तर काय घेतले, कितीला घेतले हे कळते. दोन डॉलरच्या स्टेकची आणि ‘अनलिमिटेड’ बुफेची किंमत कुठेच छापलेली नसते. ती माणसागणिक बदलते. ज्याला थांबता येत नाही त्याला ती सर्वांत जास्त पडते.

लोक हौसेने जातात, त्यांना हिशेब ठाऊक असतो, असे कॅसिनोचालक म्हणतात. तसे असेल तर हिशेब दाखवायला हरकत नसावी. खेळाडूच्या कार्डावर कॅसिनोने नोंदवलेला त्याचा ‘अपेक्षित तोटा’ त्याच कार्डावर त्याला दिसायला हवा. प्रत्येक टेबलावर कॅसिनोच्या वाट्याची टक्केवारी लिहिलेली हवी. पाकिटावर कॅलरी छापण्याची सक्ती करता येते, तर हेही करता येईल. गोवा सरकारला कॅसिनोंकडून मोठा महसूल मिळतो. परवान्याच्या अटींत एवढी एक ओळ घालणे अवघड नाही.

तोवर ग्राहकाने जेवण आणि खेळ यांची पाकिटे वेगळी ठेवावीत. चांगला स्टेक खायचा असेल तर त्याचे पैसे मोजून खावा, खेळायचे असेल तर जाणार असे गृहीत धरलेली रक्कम घेऊन खेळावे. जेवण ‘वसूल’ करण्यासाठी खेळायला बसलेला माणूस मात्र ते जेवण सर्वांत महागात घेतो.